पेटाऱ्यावरचा नारळ

लाडू मेस्त्री माझ्या बायकोचा लग्नातला शालू नेसत होता आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहून तोंडाला रंग फासत होतो. आरसा एकच होता आणि राण्यांना आरसा आधी मिळतो हा आमच्या दशावतारी कंपनीचा जुना नियम.

"लाडू, ओढू नको रे. शालू फाटलो तर जयवंती माका घरात घेवची नाय."

"तुका नाय घेतल्यान तर माका घेतली," लाडू निऱ्या खोचत म्हणाला. "राणी आसंय मी. माझो मान वेगळो."

लाडू दिवसा दारं-खिडक्या करायचा आणि दशावतारात राणी व्हायचा. हाताला रंध्याचे घट्टे, पण पदर डोक्यावर घेतला की समोरच्या बायका स्वतःचा पदर सावरून बसत. मी दिवसा होडीवर जायचो आणि दशावतारात राजा व्हायचो. शिवाय मी पांढरवेळ नगरपरिषदेचा नगरसेवकही होतो. तो कसा झालो ते विचारू नका. दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार एकमेकांना पाडण्यात इतके रंगले की मधल्या मध्ये मी अपक्ष निवडून आलो. लोकांनी राजाचं काम बघून मत दिलं, माणसाचं बघितलं असतं तर दिलं नसतं, असं जयवंती म्हणायची.

त्या संध्याकाळी मात्र मला कुठलंच काम सुचत नव्हतं. माझी नजर सारखी कोपऱ्यातल्या पेटाऱ्याकडे जात होती.

पेटारा म्हणजे आमच्या कंपनीचं देवघर. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, बाकीचे मुखवटे असतात, आणि त्याची पूजा झाल्याशिवाय कोणी तोंडाला रंग लावत नाही. आमच्याकडे आणखी एक रीत होती. कंपनीतल्या माणसाने कोणाला शब्द दिला, तर तो पेटाऱ्यावर हात ठेवून द्यायचा. शब्द घेणारा तिथे एक नारळ ठेवायचा. शब्द पुरा झाला की त्याने तो नारळ फोडायचा. तोवर नारळ तसाच राहणार, कंपनी ज्या गावाला जाईल त्या गावाला पेटाऱ्याबरोबर जाणार. आणि ज्याने शब्द दिलाय त्याला दर खेळाला रंग लावताना तो दिसणार.

त्या पेटाऱ्यावर त्या दिवशी एक नारळ होता. तो आपा खवणेकरांनी ठेवलेला होता आणि शब्द माझा होता.

आपा आमचे नगराध्यक्ष. माणूस वयाने मोठा, बोलायला फटकळ, मनाने स्वच्छ. आदल्या वर्षी जयवंतीच्या पोटात गाठ निघाली तेव्हा भरपावसात आपांनी आपली जीप काढून तिला गोव्याच्या इस्पितळात नेलं होतं. रक्त लागलं तेव्हा बाही वर करून सगळ्यांत आधी तेच आडवे झाले. ती वाचली. त्यानंतर आपांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच, एक मत.

मत होतं सुकवणीच्या जागेबद्दल.

सुकवण म्हणजे सुरूचं बन आणि समुद्र यांच्यामधला लांबलचक पट्टा. जागा नगरपरिषदेची, म्हणजे सगळ्यांची. तिथे आमच्या होड्या वर ओढलेल्या असत, जाळी पसरलेली असत आणि बायका मासळी सुकवत. बोंबील टांगायच्या बांबूंच्या वलणी, वाळूवर जवळ्याच्या चादरी. जत्राही तिथेच आणि आमचा दशावतारही तिथेच. तर ही जागा विकसित करायची ठरली. प्रस्ताव मागवले. शेवटी दोन उरले. एक मुंबईची नीलतट कंपनी, दुसरा कोल्हापूरचा पोवार नावाचा ठेकेदार.

नीलतटची चित्रं बघून सभागृहात कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. काचेचं हॉटेल, दिव्यांची रांग, फरसबंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर हसत चाललेली गोरीगोमटी माणसं. पोवारचं चित्र शाळकरी पोराने काढल्यासारखं होतं. त्यात मासळीसाठी ओटे, नळ, संडास, बसायला बाक आणि झावळ्यांच्या खानावळी. बाकावर बसलेल्या माणसाला त्याने मान काढलीच नव्हती. आम्ही सगळे हसलो, मीही हसलो.

आपा नीलतटच्या बाजूने होते आणि त्यांची कारणं खोटी नव्हती. "आपली पोरां गोव्यात जावन दुसऱ्यांच्या हॉटेलात भांडी घासतत. ती हय घरात रवान कामाक लागतली तर कोणाक नको?" असं ते म्हणत. पण सभागृह बरोब्बर मधोमध फाटलं होतं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि मध्ये मी एकटा अपक्ष. आपा आमच्या तालमीला आले, चप्पल बाहेर काढली, नारळ पुढे केला आणि म्हणाले, "विश्राम, तुझा मत माका व्हया." मी विचार न करता पेटाऱ्यावर हात ठेवला. बायकोच्या अंगात ज्याचं रक्त फिरतंय, त्याला विचार करून उत्तर देणार?

घरी येऊन जयवंतीला सांगितलं. तिने आपांचं नाव ऐकून मान डोलावली. मग भाकरी थापता थापता तिने विचारलं, "ता सगळा खरा. पण ह्या हॉटेल झाला काय आमी दर्यार खयसून जातलंव?"

मी म्हटलं, "आपा बघतले."

तिने दुसऱ्या दिवशी परत विचारलं, मग चौथ्या दिवशी परत. आणि मला आठवेना, त्या चित्रांत वाट कुठे होती? होड्या कुठे होत्या? वलणी कुठे होत्या? आठवेना, कारण मी बघितलंच नव्हतं. आता बघावं, विचारावं, तर कोणाला? एकदा शब्द दिल्यावर आपांना जाऊन 'वाट कुठे' म्हणून विचारायचं, म्हणजे तुमच्यावर माझा विश्वास नाही असंच सांगायचं. आमच्याकडे ते चालत नाही. आणि आपांनी तरी नीलतटच्या साहेबाला विचारलं होतं का, कोण जाणे. घरी आलेल्या पाहुण्याला असले प्रश्न विचारायचे नसतात, हेही आमच्याकडचंच. म्हणजे एकूण असं झालं होतं की गावातली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याला एकच प्रश्न विचारत होती, आणि एकही नवरा तो घराबाहेर नेत नव्हता.

मतदान दुसऱ्या दिवशी होतं. आदल्या संध्याकाळी नीलतट कंपनीने गावाला भेट म्हणून आमचाच खेळ ठेवला. तोही उजेडी, सहा वाजता, कारण साहेबांना रात्री घाट चढायचा नव्हता. रात्रभर चालणारा दशावतार आणि ऊन असताना! राक्षसाच्या तोंडावरचा घाम पहिल्या रांगेतून मोजता येईल, असं आमचे मालक चिडून म्हणाले. पण खेळ तो खेळ.

"विश्राम," लाडू आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "आज तुझा लक्ष खय आसा?"

"हयच आसा."

"मगे मिशी उलटी कित्याक लावलंस?"

मी मिशी काढून पुन्हा लावली. तेवढ्यात रंगपटाचा पडदा बाजूला झाला आणि नीलतटचे साहेब आत आले. इनामदार त्यांचं नाव. वयाने तरुण, हसतमुख. खोटं कशाला बोलू, माणूस मला आवडायचा. गावात आला की म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा आणि सोलकढी वाटीने नाही तर तांब्याने प्यायचा.

"वा, महाराज! काय रुबाब आहे!" त्याने मला मुजरा केला. "आणि या राणीसाहेब? मेस्त्री, तुम्ही? अहो, ओळखलंच नाही मी!"

लाडूने पदर ओढून लाजून दाखवलं.

"संवाद कुठे लिहिलेले असतात तुमचे? मला एक प्रत मिळेल का?"

"लिवलेलो नसता साहेब," मी सांगितलं. "गोष्ट तेवढी ठरता. बोलूचा ता थयच उभ्या उभ्या."

"म्हणजे समोरचा काय बोलणार ते तुम्हाला माहीतच नसतं?"

"नाय."

"आणि सुचलं नाही तर?"

लाडूने हसून माझ्याकडे बोट केलं. "ह्याका सुचला नाय असा कधी झालाच नाय. दशावतारी गप रवलो तर मेलो."

ते खरं होतं. आमच्या धंद्यात अंगावर चाल करून आलेल्या राक्षसाला माणूस विसरला तरी चालतं, गप्प बसलेलं चालत नाही.

त्या दिवशीची गोष्ट आपांनीच सुचवली होती. मणिध्वज नावाचा राजा दूरदेशीच्या व्यापाऱ्याला आपल्या राज्याचा किनारा द्यायचा शब्द देतो, राणी रुसते, मग समुद्रदेव प्रकट होऊन सगळ्यांना आशीर्वाद देतो आणि राज्यात भरभराट होते. "शेवट गोड करा," आपांनी मालकांना बजावून सांगितलं होतं.

सुकवणीवर माणूस मावत नव्हता. पुढे खुर्च्या, त्यात मधोमध आपा आणि त्यांच्या शेजारी गळ्यात हार घातलेले इनामदार. खुर्च्यांच्या मागे वाळूत सगळं गाव. बायका एका बाजूला, त्यांच्यात जयवंती. पाठीमागे समुद्र. गणपती येऊन गेला, संकासुर हसवून गेला, आणि पखवाजावर थाप पडली तसा मी राजा होऊन बाहेर आलो.

सुरुवात झकास झाली. व्यापाऱ्याला मी असा काही शब्द दिला की मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. मग हार्मोनियमवर राणीची चाल वाजली आणि लाडू आला. शालूचा पदर सावरत माझ्याभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर उभा राहिला. रुसवा दाखवायचा होता. 'नाथ, माझ्याशिवाय निर्णय घेतलात' वगैरे नेहमीचं बोलायचं, मी तिला समजवायचं आणि आम्ही दोघांनी मिळून पद म्हणायचं, एवढं ठरलं होतं.

लाडू म्हणाला, "नाथ, आपण किनारा दिलात, आपला शब्द मला शिरसावंद्य आहे. परंतु एकच विचारते. आपल्या राज्यातल्या या कोळिणी, या उद्यापासून समुद्रावर कुठल्या वाटेने जातील?"

बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली. आणि मी गप्प.

मला खरंच काही सुचेना. 'हे प्राणप्रिये' एवढं बोललो आणि पुढे कोरं. डोळ्यांसमोर जयवंतीची भाकरी थापणारी पाठ. पखवाजवाल्याने मला सावरायला एक तुकडा वाजवला. मी एक फेरी घेतली. दुसरा तुकडा वाजवला, दुसरी फेरी घेतली. लाडू हलायला तयार नाही. उलट पुढे येऊन, हात जोडून, तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला. आता हे लोक उठून मारणार असं वाटलं, आणि बुडणारा माणूस जसा हाताला लागेल ते धरतो तसा मी समोर हात केला.

"प्रिये! ज्याला मी किनारा दिला तो दूरदेशीचा व्यापारी या सभेतच विराजमान आहे. त्यालाच विचार!"

लोक खो खो हसले. इनामदारही हसले. माणूस हौशी, लगेच हार सावरत उठले आणि दशावतारी थाटात लाडूला मुजरा करून मोठ्या आनंदाने म्हणाले, "राणीसाहेब, आपण मुळीच चिंता करू नये! आपल्या सर्व भगिनींना आम्ही ओळखपत्रं देणार आहोत, फोटोसकट. मागच्या फाटकातून, सकाळी सहा ते आठ, मोफत प्रवेश!"

'मोफत'वर त्यांनी जोर दिला आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळी एकही आली नाही.

लाडूने पदर सोडला नाही. "आणि आठ वाजल्यानंतर, हे व्यापारी?"

"आठनंतर आमचे पाहुणे फिरायला येतात ना, राणीसाहेब."

"मग आमची मासळी कुठे वाळेल?"

"त्याचीही सोय आहे! गावाबाहेर एसटी डेपोच्या मागे पत्र्याची शेड बांधून देतोय आम्ही. पंख्यासकट!"

बायकांतून कोणीतरी ओरडलं, "गे बाय! सुक्या बोंबलांका पंखो लावतलो ह्यो!" आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. ते हसणं मी जन्मात विसरणार नाही. सुरुवातीला ते खरं हसणं होतं. मग हळूहळू त्यातलं हसू गेलं आणि नुसता आवाज राहिला. मग तोही थांबला.

इनामदार अजून उभेच होते. त्यांना काय चुकलं तेच कळत नव्हतं. त्या बिचाऱ्याने एक शब्द खोटा सांगितला नव्हता, तेव्हाही नाही आणि आधीही नाही.

आपा खुर्चीतूनच त्यांच्याकडे वळले. "इनामदार, ह्या तुमी माका कधी सांगलास नाय."

"आपासाहेब, आराखड्यात सगळं आहे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

आपांनी समुद्राकडे बघितलं. मग ते उठले आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेले. पाठमोरे आपा बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता हा माणूस आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही, आणि उद्या माझं मत मात्र नारळाप्रमाणे त्याचंच असणार. किनारा गेला आणि आपाही गेले. हार्मोनियमवाल्याने प्रसंग ओळखून पद सुरू केलं आणि मी कसाबसा आत पळालो.

आत आपा उभे होते.

चप्पल बाहेर काढलेली. पेटाऱ्यासमोर अनवाणी, डोक्यावरची टोपी हातात. मला बघून ते म्हणाले, "हय ये. हात ठेव."

मी पेटाऱ्यावर हात ठेवला. वाटलं, आता हे पुन्हा एकदा शब्द घेतायत.

"विश्राम, तू माका शब्द दिल्लंस. मी तो घेतल्लंय." आपांचा आवाज बसला होता. "आता मी तो तुका परत करतंय. पेटारो साक्षीक आसा."

"आपा..."

"गप. चार म्हयने ती चित्रां बघलंय मी. हॉटेल बघलंय, दिवे बघलंय. वाट खय ती बघूकच नाय. दर्याक कोण फाटक लावता, असा माझ्या टकलेत इलाच नाय रे." त्यांनी डोळे पुसले. "तुका तरी म्हायत होता?"

"म्हायत नाय होता. पण बायल रोज विचारी."

"माझीय विचारी," आपा म्हणाले.

मग त्यांनी तो नारळ उचलला, बाहेरच्या दगडावर एका फटक्यात फोडला. अर्धं पाणी माझ्या राजाच्या जोड्यांवर सांडलं. खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"खा."

"तोंडाक रंग आसा, आपा."

"रंगासकट खा. आता मोकळो तू."

मी ते खोबरं खाल्लं. रंगाची चव, गोंदाची चव आणि मध्ये कुठेतरी खोबऱ्याची. माझा जीव इतक्या दिवसांनी भांड्यात पडला. रडू आलं आणि नुकतीच सरळ लावलेली मिशी सुटून हातात आली. आपा ती बघून हसले. त्यांनीच ती माझ्या ओठावर दाबून बसवली आणि म्हणाले, "जा. तुझी राणी थय एकटी उभी आसा."

मी बाहेर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लाडू खरंच एकटा पद ओढत होता, त्याचा दम संपत आला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि माझं तोंड आपोआप सुटलं. काय काय बोललो ते सगळं आज आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "राणी, ज्या किनाऱ्यावर मी जन्मलो तो माझ्या मालकीचा कधीच नव्हता. मग मी तो देणारा कोण?" आणि वाळूत बसलेलं गाव उठून उभं राहिलं. समुद्रदेवाचं काम करणारा आमचा सखाराम मागे वाट बघत होता. कशाबद्दल आशीर्वाद द्यायचा तेच त्याला कळेना. शेवटी त्याने सगळ्यांनाच दिला, व्यापाऱ्यालाही.

दुसऱ्या दिवशी मतदानाला माझ्या मताची गरजच उरली नाही. नीलतटच्या नावाला आपांनीच हात वर केला नाही, मग त्यांच्या बाजूच्या कोणीच केला नाही. इनामदार सभागृहाबाहेर भेटले, म्हणाले, आम्ही आराखडा बदलू, वाट ठेवू. आपा म्हणाले, "पुढच्या खेपेक आधी वाट काढा, मगे हॉटेल काढा. आमीय आधी विचारतलंव." दोघांनी हात मिळवले. काम पोवारला मिळालं. पोवार आलाच नव्हता, हरणार याची त्याला खात्री होती. आपांनी फोन केला तेव्हा पलीकडून आवाज आला तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "चेष्टा करताय व्हय साहेब गरिबाची?"

पोवारचे बाक आज एका बाजूला कलले आहेत. त्याच्या संडासांची दारं लागत नाहीत, लाडूने दोनदा दुरुस्त करून दिली. पोरं सगळी गोव्याहून परत आली असंही नाही, पण झावळ्यांच्या खानावळी चालतात, त्यात आपांचा पुतण्या आहे. ओट्यांवर मासळी वाळते आणि वाट आहे तिथेच आहे. इनामदार दर हिवाळ्यात बायको-मुलांना घेऊन येतात, त्या कललेल्या बाकावर बसून सुरमई खातात आणि दर वेळी मला विचारतात, "खरं सांगा, तुम्ही मला ठरवून उभं केलंत ना?" मी सांगतो, ठरवून नाही, मला शब्द सुचला नाही. ते मानत नाहीत. गावही मानत नाही. माझ्या त्या गप्प बसण्याची लोक अजून तारीफ करतात. असा विराम कोणी घेतला नाही म्हणतात. मी सांगून थकलो.

पण खरं काय ते मला मतदानाच्याच दिवशी कळलं. सभा संपवून घरी आलो तर जयवंती ओटीवर शालू पसरून बसली होती आणि त्याच्या पदरावरचे काजळाचे डाग बघून लाडूच्या नावाने खडे फोडत होती.

"त्या मेल्यान काय करून ठेवल्यान बघ. लाजूचा नाटक करता आणि डोळे पुसता माझ्या पदराक."

"शालू दिलंस कित्याक मगे?"

"फुकट नाय दिलंय." ती डाग खरवडत राहिली. "म्हटलंय, शालू व्हयो तर माझो एक प्रश्न विचारूचो."

मी उंबऱ्यातच थांबलो.

"गो, मगे माका विचारूचो होतो!"

"तुका?" तिने मान वर केली. "तुका किती खेपे विचारलंय? तू आपलो ताटात बघून जेवतस. घरात तुका गप रवाक येता. म्हटलंय, घोव काय सांगना नाय, तर राजाक विचारून बघूया. थय कसो गप रवता ता बघूया."

"आणि राजान तरी खय सांगल्यान?"

"ता खरा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. गाठ काढल्यापासून ती इतकं मोठ्याने हसली नव्हती. हसता हसता तिने शालूची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "घेवा राजानू. आता ह्यो धुवन हाडा."

मी शालू घेतला आणि विहिरीवर गेलो.